होम थिएटरचा आवाज किंवा चित्र मधेच तुटतंय? काही विकत आणायच्या आधी हे करून बघा

पिक्चर ऐन रंगात आलेला असतो आणि टीव्ही दोन सेकंद काळा होतो, मग आपोआप परत येतो. किंवा चित्र व्यवस्थित पण आवाज मधेच गप्प. किंवा चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि बोलणं अडखळायला लागतं. सांगली-मिरजेत ओळखीच्यांकडं साउंडबार, एव्हीआर (सगळे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर-रिसीव्हर) लावून द्यायचं काम मी हौसेनं करतो आणि लावून दिल्यावर जे फोन येतात ते बहुतेक याच तक्रारीचे असतात. वाईट याचं वाटतं की फोन करेपर्यंत लोकांनी नवी महागडी केबल आणलेली असते, कुणी तर नवा बॉक्सच (सेटटॉप किंवा स्ट्रीमिंगचा) आणलेला असतो, आणि त्रास जिथल्या तिथं. ज्यांनी पहिल्यांदाच पाच-सहा स्पीकरचा सेट घेतलाय त्यांच्यासाठी म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं सांगणं एकच आहे, तुटतंय कसं ते नीट बघा. तुटण्याच्या प्रकारावरूनच बिघाड कुठल्या भागात आहे ते बऱ्यापैकी कळतं, आणि मग त्याच भागात एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि बंद झालं तर नेमकं कशामुळं बंद झालं ते कळत नाही, आणि आठ दिवसांनी परत सुरू झालं की परत पहिल्यापासून.

पायरी १ : हात लावू नका, आधी बघा आणि लिहून ठेवा

चौकोन चौकोन होणं, चित्र गोठणं, बोलणं अडखळणं, हा प्रकार एचडीएमआय केबलचा (बॉक्सकडनं टीव्हीला चित्र-आवाज नेणारी केबल) नसतो. नेटवरून, डिशवरून किंवा पेनड्राइव्हवरून येणारा पिक्चर कॉम्प्रेस केलेला असतो, तो बॉक्स उलगडतो आणि पुढं केबलमधून उलगडलेलं पूर्ण चित्र जातं. डेटा आत येतानाच कमी पडला तर ते चौकोन दिसतात. म्हणजे बिघाड बॉक्सच्या अलीकडं, नेट, डिश, फाइल यांच्यात. तिथं केबल बदलून काडीचा फरक पडणार नाही.

केबल कमी पडत असेल तर दिसायला वेगळं दिसतं. काळ्या किंवा गडद सीनमध्ये बारीक पांढरे, रंगीत ठिपके चमचमतात, कधी आडवी रेघ मारून जाते, आणि अगदीच झेपेना की पूर्ण स्क्रीन काळी.

दोन-तीन सेकंद स्क्रीन पूर्ण काळी, सोबत आवाजही गेला आणि दोन्ही परत आले, मधे ठिपके वगैरे काही नाही, तर ते बहुतेक हँडशेकचं आहे. बॉक्स, एव्हीआर आणि टीव्ही एकमेकांशी सतत खात्री करून घेत असतात की समोरचं यंत्र कॉपी-प्रोटेक्शन पाळणारं आहे, त्याला एचडीसीपी म्हणतात. ही बोलणी तुटली की चित्र थांबतं, परत जुळली की येतं. ४के साठी सगळ्या साखळीला एचडीसीपी २.२ लागतं, मधला एखादा जुना एव्हीआर तेवढा नसेल तर ४के मिळतच नाही, किंवा एरर येते.

चित्र ठणठणीत पण फक्त आवाज जातोय तर एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधनंच साउंडबार किंवा एव्हीआरकडं परत नेणारी सोय) किंवा आवाजाचा फॉरमॅट (डॉल्बी, पीसीएम वगैरे) बघायचा. एकच स्पीकर जातोय तर वायर. एव्हीआर अख्खाच बंद होऊन लाल लाइट लुकलुकतोय तर उष्णता, स्पीकर वायर किंवा व्होल्टेज. मधे गोल फिरतंय तर नेट.

हे बघतानाच वेळ पण लिहा, म्हणजे कुठलं ॲप चालू होतं, ४के होतं का, पाऊस होता का, कुणी पंख्याचं बटण दाबलं का, पाण्याची मोटर सुरू झाली का. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण हे सगळं एकट्याच्या लक्षात येत नाही आणि बऱ्याचदा आई किंवा बायकोच सांगते की मिक्सर लावला की तुमचा टीव्ही जातो.

आणि एक गोष्ट बिघाडात धरू नका. पिक्चर सुरू करताना एकदा स्क्रीन सेकंदभर काळी होत असेल आणि नंतर पूर्ण पिक्चरभर काही होत नसेल, तर बॉक्समध्ये मॅच फ्रेम रेट चालू आहे. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, मेनू ६० चा, तो बदल करताना टीव्ही क्षणभर काळा होतोच. ते चांगलंच आहे, राहू द्या.

पायरी २ : बंद करून चालू, पण नीट

रिमोटनं बंद केलं म्हणजे यंत्र बंद होत नाही, ते झोपतं. टीव्ही, एव्हीआर किंवा साउंडबार, बॉक्स, सगळ्यांचे प्लग भिंतीतनं काढा, चांगले पाच मिनिटं तसेच ठेवा. तेवढ्या वेळात प्रत्येक एचडीएमआय पूर्ण बाहेर काढून परत सरळ घट्ट बसवा. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर केबल मागं दुमडून पिनेवर ताण येतो आणि ती अर्धा-एक मिलिमीटर बाहेर सरकते, हे फार ठिकाणी बघितलंय. मग आधी टीव्ही चालू, तो पूर्ण सुरू झाला की एव्हीआर, शेवटी बॉक्स. हँडशेकचे बरेच त्रास इथंच मिटतात.

चालू केल्यावर तिन्ही यंत्रांचं सॉफ्टवेअर अपडेट बघून घ्या. अपडेटच्या मधे लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा.

पायरी ३ : साखळी छोटी करा

सगळ्या कामात ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच लोक सोडून देतात. बॉक्स → एव्हीआर → टीव्ही अशी तुमची जोडणी असेल तर एव्हीआर मधनं काढा, बॉक्स थेट टीव्हीला लावा आणि आवाज टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत तोच पिक्चर तोच सीन बघा. एक संध्याकाळ तशी जाऊ द्या.

तुटणं थांबलं? मग बॉक्स, ती केबल आणि टीव्ही निर्दोष, बिघाड एव्हीआर किंवा त्याच्या पुढच्या केबलमध्ये. तरी तुटतंय? मग एव्हीआरला हात लावायचं कारणच उरलं नाही. आता तीच केबल टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टला, मग दुसरी केबल त्याच पोर्टला, मग दुसरा बॉक्स. एका वेळी एकच. शेजाऱ्यांकडनं एक छोटी एक-दोन मीटरची केबल तासाभरासाठी मागून आणा, विकत आणायची गरज नाही.

पायरी ४ : केबल

इथं जरा थांबून लिहितो, कारण पैसे इथं जास्त जातात.

केबलवर एचडीएमआय २.० की २.१ लिहिलंय हे बघण्यात अर्थ नाही, तिचा प्रकार बघा. प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८ जीबीपीएस (सेकंदाला किती डेटा जातो त्याचं माप) पर्यंत तपासलेली, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८ जीबीपीएस. खरोखर प्रमाणित केबलच्या खोक्यावर स्कॅन करता येणारं लेबल असतं. साध्या ४के टीव्हीला आणि स्ट्रीमिंग बॉक्सला पहिली पुरते, ४के १२० हर्ट्झ वर गेम खेळणार असाल तर दुसरी. सोन्याचा मुलामा, जाड विणलेलं आवरण यासाठी जास्त पैसे देऊ नका.

आता गंमत बघा, ४के ६० हर्ट्झ पूर्ण रंगांसकट पाठवायला जवळजवळ १८ जीबीपीएस लागतात आणि ४के २४ ला साधारण त्याच्या निम्मे. त्यामुळं एकाच केबलवर पिक्चर छान चालतो पण बॉक्सचा मेनू किंवा क्रिकेटची मॅच लावली की ठिपके चमकतात. असं होत असेल तर केबल काठावर आहे एवढं नक्की समजा. खात्री करायला बॉक्स १०८०पी (फुल एचडी) वर ठेवून बघा. १०८०पी ला एकदाही तुटलं नाही आणि ४के ६० ला तुटतं, तर केबल किंवा पोर्टची क्षमता.

लांबी हा खरा शत्रू. साधी तांब्याची केबल १८ जीबीपीएस साठी पाच मीटरच्या आत ठेवा. प्रोजेक्टरसाठी दहा-पंधरा मीटर लागत असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, उलटी लावली तर चित्रच येत नाही. आपल्याकडं विश्रामबागेत, कुपवाडकडं जी नवी घरं होतायत तिथं पीओपी करतानाच केबल भिंतीत घालून वर प्लास्टर करून टाकतात, आणि पाइपच्या काटकोनातल्या वळणात केबल मुडपून बसते. दोन वर्षांनी खराब झाली की भिंत फोडायची. तुमचं काम अजून चालू असेल तर वायरमनला सांगा, दीड इंची पाइप, काटकोनाऐवजी लांब वळण, आणि आत ओढायची एक तार कायम ठेवून दे.

पायरी ५ : सेटिंग

टीव्हीमध्ये प्रत्येक एचडीएमआय पोर्टला जास्त क्षमतेचं सेटिंग असतं. सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीत एचडीएमआय डीप कलर. एव्हीआरमध्ये पण असतं, डेनॉनला ४के सिग्नल फॉरमॅट, यामाहाला ४के मोड. टीव्हीत एन्हान्स्ड आणि एव्हीआरमध्ये स्टँडर्ड असं उलटसुलट असलं की हँडशेक डळमळतो. दोन्ही सारखं ठेवा. त्रास चालूच असेल तर तात्पुरतं दोन्हीकडं स्टँडर्ड करून बघा.

मग सीईसी. एकाच रिमोटनं सगळं चालू-बंद करणारी ती सोय, सॅमसंगला ॲनीनेट प्लस, सोनीला ब्राव्हिया सिंक, एलजीला सिंपलिंक. सोय चांगली आहे पण तीन-चार यंत्रं असली की एखादं मधेच उठतं आणि इनपुट पळवतं, तुम्हाला वाटतं चित्र तुटलं. एक दिवस सगळीकडं बंद ठेवून बघा. एवढं लक्षात असू द्या की बऱ्याच टीव्हीत सीईसी बंद केलं की एआरसीचा आवाज पण बंद होतो, घाबरू नका.

पायरी ६ : फक्त आवाज जातोय

साउंडबारवाल्यांची ही नेहमीची तक्रार. पहिलं म्हणजे टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी (त्याचाच नवा, जास्त क्षमतेचा प्रकार) लिहिलंय त्यातच केबल आहे का ते डोळ्यांनी बघा.

मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट असतं, तिथं ऑटो किंवा पास थ्रू असेल तर पीसीएम (कॉम्प्रेस न केलेला साधा आवाज) करा आणि तासभर बघा. तुटणं थांबलं तर फॉरमॅटचा विषय आहे. एआरसीवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनेल, म्हणून कायम तसं ठेवू नका, आता डॉल्बी डिजिटल निवडून बघा. एआरसीमधनं डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस जातं, स्ट्रीमिंगचं ॲटमॉस पण प्लसमध्ये बसून जातं. ट्रूएचडी (डॉल्बीचाच, पण जास्त डेटाचा फॉरमॅट) आणि ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) पीसीएम त्यातनं जात नाही, त्याला ईएआरसीच लागतं. ईएआरसीचा आवाज केबलमधल्या १४ आणि १९ नंबरच्या पिनांच्या जोडीवरून जातो, चित्राच्या तारा वेगळ्या. म्हणून चित्राला चांगली चाललेली जुनी केबल ईएआरसीला दगा देऊ शकते. टीव्हीत ईएआरसी बंद करून नुसत्या एआरसीवर आवाज स्थिर राहिला तर केबल बदला, इथं पैसे खर्च करणं बरोबर आहे.

जाहिरात आली की आवाज क्षणभर जातो, कार्यक्रम सुरू झाला की परत क्षणभर जातो, असं असेल तर आवाज स्टिरिओवरून ५.१ वर जातोय आणि एव्हीआरला नवीन फॉरमॅट पकडायला वेळ लागतोय. बॉक्समध्ये ऑटोऐवजी एकच फॉरमॅट कायम ठेवा.

पेनड्राइव्हवरचा पिक्चर लावला आणि आवाजच नाही, तर फाइलमधला आवाज डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसरा फॉरमॅट) आहे का बघा. सॅमसंगच्या टीव्हीत २०१८ पासून डीटीएस चालत नाही. स्पीकरचा काही दोष नाही, ती फाइल डीटीएस चालवणाऱ्या बॉक्सवर लावा.

सबवूफर हळू आवाजात मधेच झोपतो? मागं ऑटो, ऑन असं बटण असतं. ऑटोमध्ये तो ठराविक सिग्नल आला तरच जागा होतो. ऑनवर ठेवा.

आणि एकच स्पीकर जातोय तर एव्हीआरचा प्लग काढा, मागं डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. बिघाड तसाच त्याच स्पीकरवर राहिला तर वायर किंवा स्पीकर, दुसऱ्या स्पीकरवर गेला तर एव्हीआरचं चॅनेल. वायरलेस रिअर (मागचे स्पीकर) असतील तर ते राउटरपासून लांब ठेवा, मधे कपाट किंवा फिशटँक नको. मिरजेत सतारमेकर गल्लीजवळ राहणाऱ्या माझ्या एका मित्राला मागच्या डाव्या स्पीकरच्या आवाजातला इतका बारीक खंड ऐकू यायचा की मला पहिल्यांदा कळलाच नाही, राउटर स्पीकरच्या मागच्या फळीवर होता तो दाराकडं हलवला आणि थांबलं.

पायरी ७ : नेट आणि डिश

नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस सांगतं. आजकाल फायबर सगळीकडं ५०-१०० चं असतंय, त्यामुळं वेग पुरतो, अडचण घरातल्या वायफायची असते. गावभागातल्या जुन्या घरांच्या जाड भिंती असतील तर पुढच्या सोप्यात ठेवलेला राउटर माजघरात पोचत नाही. मोबाइलवर स्पीड टेस्ट करायची असेल तर टीव्हीला मोबाइल टेकवून करा, राउटरजवळ बसून करू नका. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्झ, मधे दोन भिंती असतील तर २.४, पण अपार्टमेंटमध्ये २.४ वर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी असते, तिथं राउटरचं चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी मोकळं असेल ते ठेवा. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ पण २.४ वरच असतात. शक्य असेल तर सरळ लॅन केबल ओढा. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचाच असतो, स्ट्रीमिंगला तो भरपूर झाला.

डिशचं पावसाळ्यात होणारच. डिशचा सिग्नल केयू बँडचा (खूप वरच्या फ्रिक्वेन्सीचा) असतो, जोराचा पाऊस तो शोषून घेतो, ढग हलले की चॅनेल परत येतं. त्याच्यासाठी कुणाला बोलवू नका आणि कृपा करून पावसात, वीज चमकत असताना गच्चीवर छत्री हलवायला चढू नका. पाऊस गेल्यावर पण चौकोन राहिले तर बॉक्सच्या मेनूत सिग्नलची क्वालिटी बघा. कमी असेल तर एलएनबीपाशी (छत्रीच्या पुढं दांडीवर असतो तो डबा) केबलचं जे स्क्रूचं टोक आहे ते उघडून बघा, आतली तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल तर पाणी शिरलंय. टोक कापून नवीन कनेक्टर, आणि एलएनबीपाशी केबल खाली झोळ देऊन मग वर न्या म्हणजे पाणी झोळातनं गळून पडतं. दोन-तीन वर्षांत शेजारचा नारळ किंवा आंबा डिशच्या आड आला असेल तेही बघा.

पायरी ८ : लाइट आणि उष्णता

विश्रामबागेतल्या एका काकांकडं रोज रात्री तासाभरानं आवाज बंद, एव्हीआरचा लाल लाइट लुकलुक. त्यांची खात्री झालेली की मशीन गेलं. एव्हीआर काचेचं दार असलेल्या शोकेसमध्ये, वर सेटटॉप बॉक्स आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. मी वरच्या जाळीवर हात ठेवला तर तीन सेकंद ठेववेना. बॉक्स खालच्या कप्प्यात, रुमाल काढला, मागची प्लायवूडची पट्टी कापून घेतली, दार उघडं. त्या दिवसापासून बंद पडलेला नाही. एव्हीआरच्या वर चार-सहा इंच मोकळी जागा हवीच, सांगलीचा एप्रिल-मे लक्षात घेता जास्तच.

तापत नाही तरी प्रोटेक्शनला जातोय तर प्लग काढून मोबाइलच्या टॉर्चनं मागचे लाल-काळे टर्मिनल बघा. स्पीकर वायरमध्ये केसासारख्या बारीक तारा असतात, त्यातली एक जरी लालवरून काळ्याला टेकली तरी आवाज वाढवला की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. टोकं पीळ देऊन घट्ट करा, किंवा बनाना प्लग लावा, स्वस्त मिळतात. चार ओमचे स्पीकर लावले असतील तर एव्हीआरच्या मागं किमान किती ओम लिहिलंय तेही वाचा.

पंख्याचं, ट्यूबचं बटण दाबलं की स्क्रीन क्षणभर काळी होते हा अनुभव बऱ्याच जणांना असतो. बटणात ठिणगी पडते, तिचा झटका कमजोर केबल पकडते. छोटी, चांगली शिल्डिंग असलेली केबल, आणि टीव्ही-एव्हीआर एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर, अर्थिंग तपासलेल्या सॉकेटवर, एवढ्यानं जातं. न गेल्यास वायरमनकडनं ते बटण बदलून घ्या. मोटर सुरू झाल्यावर लाइट डिम होत असेल तर व्होल्टेज मोजायला सांगा.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर घेतो पण बॉक्स रिस्टार्ट होतो? इन्व्हर्टरला बहुतेक यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावा, बदली लवकर होते. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर अँप घुरघुरतो. आणि वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की टीव्ही, एव्हीआरचे प्लग आणि डिशची केबल, तिन्ही काढून ठेवा, बाकी कुठलंही प्रोटेक्टर एवढं भरवशाचं नाही.

सर्व्हिसवाल्याला बोलवायची वेळ आली तर

वॉरंटी असेल तर आधी झाकण उघडू नका. तुटतंय त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, स्क्रीन आणि एव्हीआरचा डिस्प्ले दोन्ही दिसतील असा, कारण माणूस घरी येतो तेव्हा हमखास काही होत नाही. साखळी छोटी करून काय काय बघितलं तो कागद त्याच्या हातात द्या, नाहीतर तो पण केबलपासूनच सुरू करणार. आणि तो फॅक्टरी रिसेट करायला लागला तर आधी थांबवा, एव्हीआरमधल्या स्पीकरच्या अंतराचे, लेव्हलचे आणि क्रॉसओव्हरचे (किती फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज सबवूफरकडं जातो तो आकडा) फोटो काढून घ्या, मगच रिसेट करू द्या.